कौतुकाचा उजेड

लालबागच्या चाळीत उजेड थेट घरात येत नसे. आधी तो गॅलरीत उतरायचा, कठड्यावर वाळत टाकलेल्या लुगड्यांतून गाळून निघायचा, डालड्याच्या डब्यातल्या तुळशीपाशी क्षणभर रेंगाळायचा, दाराबाहेरच्या चपलांवरून सरकत उंबऱ्याशी यायचा आणि खोलीत पाऊल टाकेपर्यंत इतका थकलेला असायचा की भरदुपारी आईला दिवा लावावा लागे. ज्याला उजेड हवा त्याने बाहेर यावं. अभ्यासाला, तांदूळ निवडायला, केस विंचरायला, रडायलासुद्धा माणसं गॅलरीतच यायची. आणि गॅलरीत आलेलं माणूस दिसायचं. समोरच्या बिऱ्हाडांना, खाली नळावर उभ्या बायकांना, जिन्यात विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांना दिसायचं. उजेडात असणं म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांत असणं, हे आम्ही चालायला शिकता शिकताच शिकलो.

माझा दादा त्या उजेडाचा सगळ्यांत लाडका मुलगा होता.

नाकीडोळी नीटस, आवाज खणखणीत, पाठांतर असं की एकदा ऐकलेला पोवाडा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा. तो गॅलरीतून चालला की दारादारांतून हाका यायच्या, कुणी हातावर चिवडा ठेवायचं, कुणी गाल कुरवाळायचं, आणि आई चुलीपाशी बसल्या बसल्या ते सगळं कानांनी टिपत असायची. तिच्या कष्टांना तेवढंच एक अत्तर होतं.

मग १८ जानेवारी १९८२ आला. गिरणगावचा दिवस भोंग्यावर उठायचा, भोंग्यावर जेवायचा, भोंग्यावर निजायचा. त्या दिवसापासून संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले आणि परळ-लालबागच्या आभाळातून वेळच पुसली गेली. बाबा साचेखात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, म्हणून घरातही ते मोठ्याने बोलायचे. संप लांबत गेला तसा त्यांचा आवाज उतरत गेला. उन्हाळ्यात तो कुजबुजीवर आला, पावसाळ्यात तर आम्हाला त्यांच्या ओठांकडे पाहावं लागायचं. शेजारची बिऱ्हाडं कोकणात परत गेली. आईच्या गळ्यात काळी पोत तेवढी उरली.

त्या वर्षीच्या गणपतीत मंडपात मुलांची भाषणं झाली. दादा नऊ वर्षांचा होता. कुणाच्या तरी मोठ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून तो माइकपुढे उभा राहिला आणि गिरणी कामगारावर असं बोलला, असं बोलला, की मंडपातले रापलेले, हरत आलेले पुरुष उभे राहून टाळ्या वाजवू लागले, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि त्या गर्दीत, खांबाला टेकून उभे असलेले माझे बाबा कित्येक महिन्यांनी हसले. मी त्यांचं बोट धरून होते. त्या हसण्याने त्यांचा हात कसा गरम झाला ते मला अजून आठवतं. दादाने वरून ते पाहिलं. मोठ्या माणसाला जिवंत ठेवायची शक्ती आपल्यात आहे, हे नऊ वर्षांच्या मुलाला त्या क्षणी कळलं. ती वापरत राहावी लागेल, हेही कळलं असावं.

ते ओझं त्याने पुन्हा कधी खाली ठेवलं नाही.

पुढची वर्षं टाळ्यांची होती. शाळेच्या ढाली, दामोदर हॉलमधल्या एकांकिका, पदवी, नोकरी, मोठ्या हुद्द्याची खुर्ची. घरात माणसं वाढली, पण उजेड एकच राहिला आणि तो त्याच्यावर पडलेला असायला हवा होता. दुसऱ्या कुणाचं कौतुक सुरू झालं की त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून जायचं. मला नोकरी लागली तेव्हा त्याने पेढा हातात घेतला आणि स्वतःच्या पहिल्या नोकरीची गोष्ट संपूर्ण सांगितली. त्याच्या मुलीने झाडाचं चित्र काढून दाखवलं, तर तिच्या वयात आपल्याला मिळालेल्या बक्षिसांची त्याला आठवण आली. वहिनीने आमटीत मीठ जरा जास्त घातलं म्हणून तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. हॉटेलातल्या वेटरने पाणी आधी दुसऱ्या टेबलावर ठेवलं, त्या संध्याकाळचा त्याचा आवाज आठवला की आजही मान खाली जाते. हाताखालच्यांच्या कामावर त्याने आपलं नाव घातलं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं तेव्हा तो मनापासून दुखावला. त्याला खरंच वाटत होतं की ते काम त्याचंच आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी ओव्हिड नावाच्या रोमन कवीने पाण्यात स्वतःचं रूप पाहून झुरणाऱ्या नार्सिससची कथा सांगितली. त्या देखण्या मुलाबद्दल सगळे बोलतात. त्या कथेत एक मुलगीही आहे, एको. तिला स्वतःचं काही बोलता येत नाही. समोरच्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणता येतात, आणि म्हणता म्हणता ती विरत जाते, उरतो नुसता आवाज. वहिनीला मी तशी विरताना पाहिलं आहे. 'हो ना', 'खरंच', 'तुम्ही म्हणता तसंच'. वीस वर्षांत तिच्या वाक्यांतून तिची क्रियापदं गळून गेली. आणि आईचं, माझं तरी वेगळं काय होतं? आम्ही सगळ्या त्याच्या बोलण्याच्या शेवटाला लटकून राहिलेल्या बायका होतो.

वैद्यकाने या दुखण्याला नाव दिलं आहे. फ्रॉइडने १९१४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे नाव १९८० साली आलं. नऊ लक्षणं आहेत, पाच जुळली तर निदान. भव्यतेचा भास, कौतुकाची न शमणारी भूक, दुसऱ्याच्या मनात शिरता न येणं, हेवा, आपल्याला सगळं मिळालंच पाहिजे ही खात्री. एका रात्री मी ती यादी वाचत बसले आणि प्रत्येक ओळीपुढे दादाचा चेहरा येत गेला. पण मंडपात माइकपुढे उभा असलेला, मोठ्या सदऱ्यातला तो मुलगा त्या यादीत कुठेच नव्हता. टाळ्या थांबल्या तर बाबांचं काय होईल, ही त्याची भीती कुठल्याच ओळीत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, व्यक्तिमत्त्वाच्या विकारांची ही वेगवेगळी नावंच बाजूला ठेवली आणि दुखणं किती खोल आहे, जगण्यात किती अडवतं, एवढं विचारायला सुरुवात केली. मला ते जास्त माणुसकीचं वाटतं.

बाबा माळकरी. आषाढीला ते आम्हाला वडाळ्याच्या विठ्ठलाला न्यायचे, आणि कीर्तनातून मीपणाची निंदा आम्ही कितीदा ऐकली असेल. समर्थांनी मूर्खांची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती करणारा त्यात बसवला. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्व हे ज्ञानाचं पहिलं लक्षण म्हणून उलगडलं आहे. मान नको वाटणं. लहानपणी मला वाटे, देवळाबाहेर चपला काढतात तसा 'मी' काढून ठेवायचा, सोपं आहे. दादाकडे पाहत पाहत फार उशिरा काहीतरी उमगलं. सोडायला आधी 'मी' घडलेला असावा लागतो. ज्याच्या आत दुसऱ्यांच्या डोळ्यांतली चित्रंच लटकलेली आहेत, आणि डोळे मिटले की जिथे काहीच उरत नाही, त्याला मीपणा सोड म्हणणं म्हणजे मर म्हणण्यासारखं आहे. संतांनी सांगितलं ते खरंच आहे. पण त्या वाटेच्या अलीकडे एक वाट आहे, आणि ती उपचाराची आहे.

पन्नाशीला उजेड सरकला. कंपनीने त्याला घरी बसवलं. वहिनी मुलीला घेऊन दादरला माहेरी गेली आणि या वेळी परत आली नाही. गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या त्याच्या घरात, चारी बाजूंनी काचा, सकाळपासून ऊन आणि बघणारं कुणी नाही. एका रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ नुसता श्वास.

"झोप येत नाही गं."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला असं काही सांगितलं ज्यात त्याची शोभा नव्हती. या दुखण्याची माणसं सहसा त्या दुखण्यासाठी दवाखान्यात जात नाहीत. ती जातात झोप उडाल्यावर, उदासीने ग्रासल्यावर, दारू वाढल्यावर, घर मोडल्यावर. आतला वाडा ढासळतो तेव्हा मागचं एक छोटं दार उघडं पडतं. मी त्याला नाव सांगितलं नाही, यादी दाखवली नाही. "झोपेसाठी जाऊ या, दादा. मी येते बरोबर," एवढंच म्हटलं.

परळला उतरलं की हवेला स्पिरिटचा वास येतो. टाटा रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर गाठोड्यांना टेकून बसलेली परगावची माणसं, वाडिया रुग्णालयातून येणारं कोवळं रडणं, औषधांच्या दुकानांपुढची गर्दी, आणि मधोमध केईएम, १९२६ पासून या गिरणगावाच्या वेदनेला दार उघडं ठेवून असलेलं. साच्यात बोट गेलेला कामगार तिथेच यायचा, आम्ही भावंडंही तापाने फणफणलो की तिथेच. मनाच्या दुखण्याला या शहरातल्या जे.जे. रुग्णालयाने १९३८ मध्येच जागा दिली, डॉ. मसानींनी तिथे मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. आणि याच केईएममध्ये डॉ. वाहिया यांनी पतंजलींच्या योगातल्या पायऱ्या मानसोपचारात आणल्या, १९६६ साली ब्रिटनच्या मानसोपचारविषयक नियतकालिकात त्यावर लिहिलं. आसनापासून ध्यानापर्यंत, स्वतःभोवती घिरट्या घालणाऱ्या मनाला हळूहळू सैल करत नेणारी ती वाट. परळमध्ये, भोंग्याच्या आवाजात, कुणीतरी हा विचार करत बसलं होतं, याचं मला त्या दिवशी फार बळ वाटलं.

केसपेपरची रांग लांब होती. पुढे एक भाजीवाली, मागे कॉलेजातला मुलगा, त्याचा हात घट्ट धरलेली त्याची आई. दादाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मला वाटलं, आत्ता निघेल, आत्ता म्हणेल की मला ओळखत नाहीत का हे लोक. रांगेत त्याला कुणीही ओळखत नव्हतं. ऊन खिडकीच्या गजांतून सगळ्यांवर सारखं पडलं होतं, भाजीवालीच्या कपाळावर, मुलाच्या कापणाऱ्या बोटांवर, दादाच्या पांढऱ्या शर्टावर, कुणावर जास्त नाही, कुणावर कमी नाही.

तो उभा राहिला.

तरुण डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतलं. उदासीसाठी, झोपेसाठी गोळ्या दिल्या. मग म्हणाला, "स्वभावाच्या गाठींना गोळी नसते, काका. त्या बोलून सुटतात. वेळ लागतो, कधी वर्षं लागतात." जगभरातलं वैद्यकही आज याहून वेगळं सांगत नाही.

बोलायला माणूस शोधणं ही दादरच्या गल्ल्यांची, जिन्यांची, बेलच्या आवाजांची एक लांब संध्याकाळ आहे. एक जणी त्याला फार तरुण वाटली. एकाचं मराठी त्याला अडखळत वाटलं. एकीने सगळं ऐकून घेऊन नम्रपणे सांगितलं की अशा दुखण्याचं शिक्षण आपल्याकडे नाही, आणि तिच्या त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. सगळेच समुपदेशक हे काम करत नाहीत. म्हणून मी सरळ विचारायला शिकले: तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहात का, भारतीय पुनर्वास परिषदेकडे तुमची नोंदणी आहे का, व्यक्तिमत्त्वाच्या विकारांवर काम केलंय का, तुम्ही स्वतः कुणा ज्येष्ठाशी सल्लामसलत करता का. चांगल्या माणसांना या प्रश्नांचा राग येत नाही.

शेवटी हिंदू कॉलनीत, गुलमोहराच्या फांद्या खिडकीला टेकलेल्या एका खोलीत, साध्या सुती साडीतल्या एक बाई भेटल्या. आत काय बोललं जातं ते मला ठाऊक नाही, असूही नये. दादा सांगतो तेवढंच. पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा गोंधळलेला होता. "त्या वाहवा करत नाहीत," म्हणाला. आणि थोडं चालून गेल्यावर, "हिणवतही नाहीत."

या दुखण्याच्या उपचारांवर विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या माणसांचा वाद झाला. हाइन्झ कोहुट आणि ऑटो केर्नबर्ग. दोघांचा जन्म व्हिएन्नातला, दोघांनाही नाझींमुळे ते शहर सोडावं लागलं, दोघांनीही पुढे अमेरिकेत काम केलं. कोहुटने १९७१ मधल्या आपल्या ग्रंथात मांडलं की या माणसाच्या बालपणात एक आरसा हरवलेला आहे, तो जसा आहे तसा त्याच्यावर खूश होणारे डोळे; ते आधी त्याला द्या. केर्नबर्गने १९७५ मध्ये सांगितलं की भव्यतेच्या तळाशी राग आणि हेवा धुमसतो आहे, तो त्याला सावकाश, न भिता दाखवा. पुस्तकांत हे दोघे भांडतात. त्या सुती साडीतल्या बाईंच्या खोलीत मात्र दोघे शेजारी बसत असावेत असं मला वाटतं, एकाचा हात दादाच्या पाठीवर आणि दुसऱ्याचं बोट त्याच्या रागावर.

मराठीत या कामाची अजून एक धार आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसने १९५५ पासून जो विवेकनिष्ठ उपचार घडवला, तो प्रा. के. एम. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून मुंबईत रुजवला. ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था चालवणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णींनी तो घराघरांत पोचवला. त्यातलं एक सूत्र असं की कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. दादाला बाईंनी हे सांगितलं तेव्हा तो म्हणे फार चिडला. आयुष्यभर ज्याला गुणच मिळत आले, त्याच्याकडून गुणपत्रिकाच काढून घ्यायची? मग त्याला बाबा आठवले. साच्यावर धागा तुटला तर साचेखात्यात तेवढा धागा सांधायचे, साचा मोडून फेकायचे नाहीत. हे सांगताना दादाचा आवाज उतरला होता. बाबांचा उतरायचा तसा.

वाट सरळ नाही. बाई मे महिन्यात सुट्टीवर गेल्या तेव्हा त्याला तो अपमान वाटला. पुन्हा जाणार नाही म्हणाला आणि खरंच काही आठवडे गेला नाही. अनेक जण इथेच थांबतात. तो परत गेला. खोली होती तिथेच होती, वेळ होती तीच, बाईंचा चेहरा होता तसाच. रागावल्यावरही जग जागेवर राहतं, हे त्याला बहुधा तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

बदल इतके बारीक आहेत की दुसऱ्या कुणाला ते दिसणारही नाहीत. परवा मी दादरच्या फुलबाजारातून झेंडू घेऊन त्याच्याकडे गेले होते. पाणी देता देता त्याने विचारलं, "तुझ्या गुडघ्याचं काय म्हणाले गं डॉक्टर?" विचारलं आणि थांबला. मी बोलत राहिले, क्ष-किरण, व्यायाम, जिना. आणि तो ऐकत राहिला, मधे स्वतःच्या पाठदुखीची गोष्ट न आणता, शेवटपर्यंत. खिडकीबाहेर संध्याकाळ उतरत होती. पन्नास वर्षांत मी त्याच्या घरात पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलले होते.

मुलगी महिन्यातून दोनदा येते. आता ती मोठी झाली आहे, पण अजून झाडं काढते. तिने वही पुढे केली तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला. ओठांपर्यंत काहीतरी आलेलं मला दिसलं, आणि परत गेलेलंही. मग त्याने विचारलं, "हे झाड कुठलं?"

वहिनी आलेली नाही. तिने यावं असं मी तिला कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. ती स्वतः दुसऱ्या एका समुपदेशक बाईंकडे जाते, आणि तिच्या वाक्यांना क्रियापदं परत फुटू लागली आहेत. एकाचं बरं होणं हे दुसरीच्या परतीचं तिकीट नसतं. उपचार माणसाला माणसापर्यंत आणतो. तुटलेली घरं जोडून देण्याचं वचन तो देत नाही.

आजकाल 'नार्सिसिस्ट' हा शब्द शिवीसारखा फेकला जातो. मोबाइलवर, भांडणात, कोर्टाच्या जिन्यात. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर तो शब्द त्याच्या तोंडावर फेकू नका; त्याची झोप विचारा, त्याची भूक विचारा, आणि तेवढ्यासाठी बरोबर चला. तो हात उगारत असेल तर मात्र आधी स्वतः बाहेर पडा, त्याच्या बरं होण्याची वाट पाहत तिथे थांबू नका. केईएम, नायर, सायन, जे.जे., या चारही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलतो. आधी स्वतःसाठी फिरवा, मग त्याच्यासाठी.